द्राक्षमळ्याचा अध्याय

सुरुवातीलाच माफी मागतो. पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, लिहिण्याचा अधिकार पाळकांचा, नाहीतर सेमिनरीत शिकून आलेल्यांचा. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेही भूगोल घेऊन. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील गवंडीकाम करतात, आई दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जाते. सलग चार पानं लिहायची म्हटलं की माझा हात अजून अडखळतो. तेव्हा लिहायचं धाडस केलं त्याबद्दल माफी. जे लिहिणार आहे त्याबद्दल मात्र मागणार नाही. नाव मी कुणाचंही लिहिलेलं नाही. राजांची आणि शास्त्रातल्या जुन्या लोकांची तेवढी लिहितो, कारण ते मरून फार काळ लोटला आणि ते आमच्या घरी तक्रार घेऊन येणार नाहीत.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. चर्च दगडी भिंतींचं, वर पत्रा. पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत, म्हणून आमच्याकडे ते महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे रविवार मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आपली आपण चालवतात. आणि आमच्या मंडळीची एक रीत आहे, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जुना करार पहिल्या पानापासून सुरू करायचा आणि दर रविवारी एक अध्याय वाचायचा. ओळीने. एकही गाळायचा नाही. वंशावळ्या आल्या तर वंशावळ्या, निवासमंडपाची मापं आली तर मापं. एक रविवार एका घराचा. त्या घरात ज्याला वाचता येतं त्याने उभं राहायचं. सगळा करार एकदा वाचून व्हायला जवळजवळ अठरा वर्षं लागतात. त्याला आम्ही फेरी म्हणतो. एकदा ऐन हंगामाच्या सणाला महारोगाचे नियम आले. समोर कणसं, भोपळे, ऊस असं सगळं अर्पण मांडलेलं, आणि एक आजी घसा खाकरून खपली आणि पांढरा डाग यांबद्दल वाचतायत. नगरहून आलेले पाहुणे रुमाल तोंडाला लावून हसले. आम्ही हसलो नाही. त्या रविवारचा तो अध्याय होता, बस.

या रीतीचा राखणदार म्हणजे घंटा वाजवणारे बाबा. वय सत्तरीच्या आसपास. चर्चच्या आवारात, रस्त्याच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या आणि पेरूची तीन झाडं. तरुणपणी मंडळीने त्यांना ती जागा दिली, ती घंटा वाजवतील तोवर त्यांची, असं ठरवून. बाबांना वाचता येत नाही. पण तीन फेऱ्या त्यांनी पुऱ्या ऐकल्यात आणि ही चौथी चालू आहे. म्हणून ज्या घराचा रविवार, त्या घरच्या वाचणाऱ्याने शनिवारी दुपारनंतर पेरूखाली बसून बाबांना अध्याय वाचून दाखवायचा. बाबा डोळे मिटून ऐकतात. एक ओळ सुटली तरी हात वर करतात.

राजांची ओळख मला असं वाचायला बसण्याच्याही आधी झाली, संडे स्कूलमध्ये. बाईंनी फळ्यावर राजांची यादी केली होती. जो बरा त्याच्यापुढे बरोबरची खूण, जो वाईट त्याच्यापुढे फुली. यराबामापुढे फुली, त्याने सोन्याची वासरं बसवली म्हणून. अहाबापुढे फुली. मनश्शेपुढे तर बाईंनी दोन फुल्या मारल्या, कारण त्याने स्वतःचा मुलगा आगीत घातला. शेवटी फळा म्हणजे नापासांच्या निकालासारखा दिसायला लागला. सगळ्यांचं कारण एकच, मूर्तिपूजा. मी आठ वर्षांचा होतो. मला वाटलं, मूर्तिपूजा ही शेजाऱ्यांची गोष्ट. माझा वर्गातला दोस्त शेतकऱ्याच्या घरचा. पोळ्याला मी त्यांच्याकडे जेवायला असायचो. त्या वर्षी ताटावर बसून मी त्याला सांगितलं, तुम्ही सगळे राजांसारखे नापास होणार. त्याने ते तसंच आईला सांगितलं. ती हसली आणि माझ्या पुरणपोळीवर आणखी तूप सोडलं.

"खा रं आधी," ती म्हणाली, "मंग कर नापास."

हे मी मोठ्या ऐटीत बाबांना सांगायला गेलो. बाबा पेरूच्या आळ्याला पाणी घालत होते. त्यांनी हंडा खाली ठेवला. म्हणाले, शास्त्रात देव कुणाला रागावतोय ते नीट ऐकत जा. शेजाऱ्याला नाही, आपल्याच घरातल्या राजाला रागावतोय. मग मनश्शेबद्दल एक गोष्ट बोलले, जी मला तेव्हा कळली नाही, पण डोक्यातून गेलीही नाही.

"दगडाला काय मागायचं कळतंय व्हय? मानूस भेतो. खुर्ची जाईल म्हनून भेतो. मंग पोटचं पोरगं बी इस्तवात घालतो."

आता त्या कागदाबद्दल लिहायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

आमच्या मंडळीच्या पंच कमिटीचे अध्यक्ष, त्यांना सगळे चेअरमन म्हणतात. माणूस हुशार, बोलायला गोड. नगरच्या ज्या वसतिगृहात मी राहत होतो तिथल्या फॉर्मवर दर सहा महिन्यांनी त्यांची शिफारस लागायची आणि ती ते हसत द्यायचे. जूनमध्ये मी सही आणायला गेलो, तर ओसरीवर दोन माणसं बसलेली. एक टेम्पो चालवणारा आणि एक मळ्यात सालाने राहणारा गडी. दोघेही आमच्या मंडळीचे. चेअरमन म्हणाले, बरा आलास, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे, एक कागद लिहून दे. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. की घंटेचं काम वेळेवर होत नाही. की जागेत राहणारा दारू पिऊन असतो, पंचांना शिव्या देतो. की आम्ही दोघे हे डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार आहोत.

बाबा दारू पीत नाहीत, हे मला माहीत होतं. मला विचारलं असतं तर मी तसं सांगितलं असतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावलं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. चेअरमन सहज म्हणाले, हा कागद नुसता फाईलला लावायला. बाबांना मागच्या बाजूला याहून चांगली पक्की खोली बांधून देणार आहोत, रस्त्यालगत गाळे काढायचे आहेत, मंडळीचंच भलं आहे. मी मान हलवली. वर माझी हुशारी दाखवायला 'म्हातारा' हा शब्द काढून त्याच्या जागी 'सदर इसम' असं लिहिलं. ज्यांनी मला पेरू खायला घालून एकही ओळ न गाळता वाचायची सवय लावली, त्यांना मी चार वेळा सदर इसम लिहिलं. दोघांनी न वाचता खाली सह्या केल्या. माझ्या फॉर्मवर सही झाली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कमिटीच्या सेक्रेटरीने तो कागद बाबांना वाचून दाखवला होता. पुढच्या सभेत जागा खाली करायचा ठराव येणार होता आणि येत्या रविवारी गाळे बांधणारा ठेकेदार जागा पाहायला येणार होता. आईने मला एवढंच सांगितलं की रविवार आपल्या घराचा आहे. कुठला अध्याय, असं मी विचारलं. राजांचं पहिलं पुस्तक, एकविसावा.

शनिवारी सकाळी मी तो उघडला. अहाब राजाच्या वाड्याला लागून एका माणसाचा द्राक्षमळा असतो. राजाला तिथे भाजीपाला लावायचा असतो. तो म्हणतो, मला दे, याहून चांगला मळा देतो. तो माणूस, नाबोथ, म्हणतो, हे वाडवडिलांचं आहे, देणार नाही. राजा पलंगावर तोंड फिरवून पडतो, जेवत नाही. मग राणी राजाच्या नावाने पत्रं लिहिते, राजाचा शिक्का मारते, आणि गावातले वडीलधारे दोन माणसं उभी करून, नाबोथाने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या अशी खोटी साक्ष देववतात. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारतात. राजा उठतो आणि मळ्याचा ताबा घ्यायला जातो.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. राणीने पत्रं लिहिली असं शास्त्र म्हणतं. पण मला पक्कं वाटलं की राणीने स्वतः लिहिली नसणार. तिने चांगल्या अक्षराचं पोरगं बोलावलं असणार.

दुपारी मी बाबांकडे निघालो तेव्हा वाटेत चेअरमनची गाडी थांबली. काय कॉलेजकुमार, म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. उद्या बाहेरचे पाहुणे आहेत, तेविसावं स्तोत्र घे, तू गोड वाचतोस. मी म्हणालो, उद्याचा अध्याय दुसरा आहे. ते म्हणाले, लांबलचक आहे तो, एखादा अध्याय राहिला तर काही आभाळ कोसळत नाही. आणि गाडी सुरू करता करता विचारलं, "जानेवारीत फॉर्म येईल ना परत सहीला?"

"बघतो," मी म्हणालो. या एका शब्दाची मला कागदाइतकीच लाज वाटते.

पेरूखाली मी वाचायला बसलो. बाबांनी डोळे मिटले. नाबोथ नाही म्हणतो तिथवर मी नीट वाचलं. पत्रांपाशी आलो आणि पुढची ओळ दिसेना.

"पुढं वाच," बाबा म्हणाले.

"बाबा, तो कागद मी लिहिलाय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मला अक्षर कुटं वळखतंय. पन सेक्रेटरीनं 'सदर इसम' म्हनून वाचलं तवाच वाटलं, ह्ये कुन्या शिकल्याल्या पोराचं काम हाय."

  मग त्यांनीच विचारलं, मागल्या फेरीला हा अध्याय कुणी वाचला होता माहीत आहे का. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मी नाही म्हणालो.

"चेअरमननं. तरना हुता. हितंच बसून म्हनून दाखवला, आन रविवारी वाचता वाचता रडला बी हुता. लई झ्याक वाचला."

"मग?"

"मंग काय. अठरा वर्सं झाली."

मी उठताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तू वाच उद्या. रडू मातर नगंस. रडलं की मानूस मोकळा हुतो, आन काम तसंच ऱ्हातं."

घरी वडिलांना चेअरमनचं बोलणं सांगितलं. वडील म्हणाले, गप स्तोत्र वाच, आपण हातावर पोट असलेली माणसं. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. कमिटीतल्या दोघांच्या घरांची कामं त्यांच्याकडे होती. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, अध्याय आपल्या घरावर आलाय, आपण टाकला तर तो दुसरं कोण उचलणार? वडील ताटावरून उठले.

रविवारी पहिल्या बाकावर चेअरमन, शेजारी ठेकेदार आणि सेक्रेटरी. मी पुढे गेलो.  मी पुस्तकाचं नाव आणि अध्याय सांगितला.

"स्तोत्र," चेअरमन हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं.

मी सगळ्यांना ऐकू येईल असं उत्तर दिलं. "आजचा रविवार या अध्यायाचा आहे."

आणि वाचायला लागलो.  याहून चांगला मळा देतो, या ओळीला मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. पत्रांची ओळ आली. मी ती वाचली, आणि घाई न करता वाचली. दोन साक्षीदार आले तेव्हा टेम्पोवाला पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. एलिया संदेष्टा मळ्यात राजाला गाठतो आणि विचारतो की खूनही केलास आणि वर ताबाही घेतलास का, तिथे मी पानावरून नजर उचलून पहिल्या बाकाकडे पाहिलं. अध्यायात पुढे येतं की मूर्तींच्या नादी लागून अहाब फार ओंगळ वागला. ते वाचताना मला पोळ्याचं ताट आठवलं आणि बाबांचा हंडा आठवला. मूर्ती ही शेजारच्या गल्लीत असते असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. पण आम्ही पंच आमच्याच हातांनी निवडतो, खुर्ची आमच्याच हातांनी पुसून देतो, आणि मग त्या खुर्चीला इतके भितो की तिच्यापुढे एक म्हातारा माणूस वाहून टाकतो. याला शास्त्रात दुसरा शब्द नाही. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, मला चूक दाखवली तर मी ऐकेन. पण चूक दाखवा.

अध्याय संपला. मी पुस्तक मिटलं नाही. म्हणालो, बाबांविरुद्धचा कागद माझ्या अक्षरात आहे. मला सांगितला तसा तो मी लिहिला, खरं आहे का हे विचारलं नाही. बाबा दारू पीत नाहीत, हे मला माहीत होतं.

"खाली बस पोरा," चेअरमन म्हणाले.

"बसतो. एवढं सांगून झालं की बसतो." आणि कागदात काय काय लिहिलं होतं ते मी पहिल्यापासून सांगितलं, चारही वेळचं सदर इसम धरून. मग बसलो. कुणी आमेन म्हटलं नाही. दाराशी बाबा घंटेचा दोर धरून उभे होते, त्यांनी मान खाली घातलेली होती.

खरं सांगायचं तर मला वेडी आशा होती. त्या अध्यायाच्या शेवटी अहाब राजा कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, हळूहळू चालतो. मला वाटलं, अठरा वर्षांपूर्वी रडलेला माणूस आज काहीतरी करेल. चेअरमननी गॉगल लावला आणि पाहुण्यांना पेरूची झाडं कुठवर आहेत ते दाखवायला घेऊन गेले. राजा निदान कपडे तरी फाडतो.

त्या संध्याकाळी मी आणखी एक कागद लिहिला, कमिटीच्या नावाने, माझ्या सहीने. पहिला कागद खोटा आहे एवढाच मजकूर. या वेळी 'बाबा' असंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवला.

पुढचं सगळं जसं होणार होतं तसं झालं. जानेवारीत फॉर्मवर सही मिळाली नाही आणि वसतिगृह सुटलं. मी नागापूरला मावसभावाकडे आलो. तो एमआयडीसीत लेथवर आहे. एका खोलीत आम्ही तिघं, दोन पाळ्यांत झोपणारे; अंथरूण कधी थंड होत नाही. इथून कॉलेज लांब पडतं, पण जातो. घरी मोबाईल एकच, वडिलांकडे, आणि वडील माझ्याशी बोलत नव्हते. त्यांची ती दोन्ही कामं गेली होती. त्यामुळे सभेचं काय झालं, बाबा कुठे आहेत, मला काहीच कळत नव्हतं. गावाकडच्या एकाने एवढं सांगितलं की त्या रविवारनंतर चेअरमननी फेरी बंद केली. आता कमिटी निवडेल ते स्तोत्र वाचतात. ते ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. बाबांची जागा वाचली की नाही हे माहीत नाही, आणि कुणी कधी न मोडलेली फेरी माझ्यामुळे मोडली. मग मी स्वतःलाच रागावलो. फेरी मी मोडली नव्हती. मी तर ती चालवली होती.

परवाच्या रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आईचा आवाज. मी विचारलं, कुणाचा मोबाईल. टेम्पोवाल्याचा, ती म्हणाली, तो इथेच शेजारी उभा आहे.

सभा आदल्या रविवारी झाली होती. माझं पत्र सेक्रेटरीने वाचलंच नाही. ठराव मांडला, हात वर करा म्हणाले. तेव्हा टेम्पोवाला उठला. म्हणाला, मी फक्त एवढंच बोललो होतो की एकदा घंटा उशिरा झाली, आणि ती पण बाबांची म्हातारी दवाखान्यात होती त्या दिवशी. बाकीचं माझ्या नावावर घातलंय. सालगडीही उठला. तो नुसता टेम्पोवाल्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग हात वर झाले ते पहिल्या बाकाचे तेवढे. ठराव पडला. चेअरमन अजून चेअरमनच आहेत, आई म्हणाली, आणि पुढच्या वर्षी परत आणतील ठराव.

"आन बाबा?"

"हायेत की. तितंच. आज त्यांनीच घंटा वाजवली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुजे वडील गेल्ते काल त्यांच्या भिंतीला गिलावा करायला. त्यांचं ते, मी काय सांगितलं न्हाई."

मी काही बोलायच्या आत तिने पुढचं सांगितलं. त्याच सकाळचं वाचन टेम्पोवाल्याच्या घराकडे होतं. कमिटीने स्तोत्र लिहून दिलेला कागद त्याने घडी करून खिशात घातला. शनिवारी तो पेरूखाली बसून आला होता. पुढे गेला आणि जिथे मी थांबलो होतो तिथलं पान काढलं. बाविसावा अध्याय, ज्यात चारशे संदेष्टे राजाला हवं ते बोलतात आणि एकटा मीखाया तसं बोलत नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, अर्धा तास लागला त्याला. आई म्हणाली, एकही माणूस उठून गेला नाही.